बेअरिंग काय म्हणून राहिलं?

मामाजी,

आज पारशिवनीकडच्या एका खेड्यात लाकूड कापायची आपली फिरती आरामशीन नेली होती. देवळाच्या आवारातला जुना साग वादळात उन्मळून पडला, आणि त्याच्याच फळ्यांतून गाभाऱ्याचे दार करायचे असा गावाचा निश्चय आहे. यंत्र तुमच्या वेळचे नव्हे. ते केव्हाच मोडीत गेले. रचना मात्र तीच. ट्रॅक्टरमागे ओढायचा सांगाडा, चाकांवरून फिरणारे लांब दातेरी पाते, आणि लाकडात शिरताना त्या पात्याने वाट सोडू नये म्हणून त्याला सांभाळणारी लहानशी बेअरिंगे. ओंडका एकच होता. पाते लहरले असते तर फळीला लाट आली असती, आणि त्या देवाला परक्या लाकडाचे दार बसवावे लागले असते. यंत्र आता माझी सून चालवते. लाकूड कापण्यापूर्वी बेअरिंगे तपासण्याचे काम तेवढे मी माझ्याकडे ठेवले आहे. ते गेले की घरचे मला यंत्राजवळ फिरकू देणार नाहीत, हे मी जाणून आहे.

ते काम तुम्ही दिलेले आहे. तुमचा मुलगा कचेरीत रमला, आणि तुम्ही यंत्रापाशी मला, सुनेला, बोलावलेत. नागपुरातल्या आपल्या त्या आवारात तुम्ही सागाच्या बल्लीवर बसला आहात, इंजिन बंद आहे, पात्याचा ताण उतरवलेला आहे. रॉकेलच्या फडक्याने तुम्ही बेअरिंगवरचा भुसा आणि चिकटा पुसता, बोटाने ते फिरवता आणि माझ्याकडे बघत विचारता, "ऐक बरं वं, काय म्हणून राहिलं?" मी कान लावते. "खरखर करून राहिलं, मामाजी." "मंग काढ त्याले. अन् एकटं काढू नको, जोडी बदल. नव्याजवळ जुनं ठेवलं तं पातं एकीकडे पळते." नवे बेअरिंग बसवताना हातोडीखाली लाकडाचा तुकडा धरायचा, हे तुमचे दुसरे सांगणे. आणि पाठीमागचे बेअरिंग पात्याला चिकटवायचे नाही, मध्ये कागद सरकेल एवढी फट ठेवायची. लाकडाने पाते मागे रेटले तरच त्याने फिरावे. "जवळ राहायचं, पण उगाच हात लावायचा नाही," असे तुम्ही म्हणालात. साक्षीभावाचा अर्थ मी पुढे पोथ्यांतून पुष्कळ वाचला. तो प्रथम कळला त्या फटीपाशी.

शेजारचा लाकूडवाला फाटकातून ओरडला होता, "काकाजी, सुनेले पोळ्या जमत नाही म्हणून आरा देऊन राहिले का?" तुम्ही मानही वळवली नाही. मी ओठांवर बोट ठेवून त्याला खुणावले, जप चालू आहे. तो बिचारा ओशाळला, फाटकाबाहेर चपला काढून तुम्हाला दुरून नमस्कार करून गेला. आपल्या घराची रीतच ती होती. तुम्ही हाकेला ओ दिली नाही की सासूबाई आवाज खाली आणत आणि आम्हाला दटावत, "जपात आहेत, कालवा नका करू वं." संध्याकाळी पोथी वाचायला मला अगदी समोर बसवून तुम्ही म्हणायचात, "मोठ्यानं वाच. देवालेबी ऐकू जाऊ दे." तुमची नजर माझ्या मुखावर खिळलेली असे. मी तिला भक्ती समजत होते.

आज त्या देवळाच्या आवारात मी बेअरिंग पुसले, फिरवले आणि कान लावला. काही नाही. दुसरे फिरवले. तेही मुके. तेव्हा माझ्या तोंडून, मी ठरवलेले नसताना, तुमचेच वाक्य निघाले. "ऐक बरं वं, काय म्हणून राहिलं?" आणि मी पाहिले ते बेअरिंगकडे नव्हे, सुनेच्या चेहऱ्याकडे. तिचे ओठ हलताना बघत होते आणि मला तुमचे डोळे आठवले. मामाजी, तुम्हाला ऐकू येत नव्हते. तुम्ही मला विद्या देत होतात ती खरीच, पण माझे कान मागूनही घेत होतात, आणि आम्ही सगळे तुमच्या त्या निःशब्द एकांताला जप म्हणून वंदन करत राहिलो. नवविधा भक्तीत श्रवण पहिले येते, असे तुम्हीच समजावले होते. ते सांगताना तुमच्या मनात काय चालले असेल, याचा विचार आज दिवसभर मला सोडत नाही.

सून ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "आई, पहिलं ठीक आहे. दुसरं वाळू चावल्यावानी करून राहिलं." मग तिने माझा अंगठा धरला, त्या बेअरिंगवर टेकवला आणि ते हळूच फिरवले. कानाला जे पोचले नव्हते ते हाडाला पोचले, बारीक, कणाकणाने. "आलं का ध्यानात?" तिने समोर येऊन विचारले. मी मान हलवली. आम्ही जोडी बदलली, लाकडाचा तुकडा मी धरला, फटीत कागद सरकवून तिने पाहिले. पहिली फळी उतरली तेव्हा पुजाऱ्यांनी तिच्यावर तळवा फिरवला आणि हात जोडले. ती सरळ होती.

परतताना मी माळ घेऊन बसले होते, तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने मला काहीतरी विचारले असावे. सुनेने त्याला काय उत्तर दिले ते मी तिच्या ओठांवर वाचले, "आई जपात आहेत." सांगताना ती माझ्याकडे पाहून हसली.

हे पत्र पोचवण्याजोगा पत्ता कोणाजवळ नाही. तरी एवढे तुमच्यापाशी कबूल करते: माळ हातात होती, पण जप चालू नव्हता. सुनेला सगळे कळले आहे, आणि त्याचे मला इतके बरे वाटले की मी माळ ओढत राहिले.