चार चमचे द्राक्षासव

सोम. ७ मार्च ०५
कोर्टाच्या दारू सोडण्याच्या प्रोग्रॅमचा पाचवा महिना. लायसन्स नाही, म्हणून बायको ड्रायव्हर. आज ग्रुपच्या मीटिंगला सोडताना मंजू एवढंच म्हणाली, "आठला येते." दुसऱ्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलो, तेव्हापासून कामापुरतंच बोलते. बरोबरच आहे तिचं.
गुरुवारी नागपूरहून आई येतेय. तिला यातलं काही माहीत नाही. माझी गाडी गॅरेजमध्ये आहे असं सांगायचं ठरलंय. ती इथे तीन महिने. तीन महिने कुठली गाडी गॅरेजमध्ये असते, देव जाणे.

शुक्र. ११ मार्च
आई आली काल. कस्टमच्या फॉर्मवर मेतकूट, कढीपत्ता, सगळं खरंखरं लिहिलं. कढीपत्ता तिथेच काढून घेतला. "खोटं कशाला लिहू?" म्हणे.
मला बघून पहिलं वाक्य, "पार वाळलास की रे." बॅगेतून द्राक्षासवाची बाटली काढली. जेवल्यावर चार चमचे, तेवढंच पाणी घालून. भूक लागते म्हणून.
लेबल वाचलं. खाली बारीक अक्षरात अल्कोहोलचा टक्का. औषधच तर आहे. लहानपणी घेतलंय की.

रवि. १३ मार्च
आईसमोर चार चमचे. ती आंघोळीला गेल्यावर कपाने. पाणी न घालता. गोड, तुरट, आणि मग घशाखाली ते ओळखीचं गरम. पाच महिन्यांनी.
हलकट आहे मी. काल पण घेतलं होतं.

बुध. १६ मार्च
टेस्टला बोलावलंय का, ते विचारायला सकाळी नेहमीसारखा प्रोग्रॅमला फोन लावला. आज टेस्टला या म्हणाले. पोट बिघडलंय म्हणून बघितलं, पण मंजू किल्ली घेऊन दारात. "चल, मला ऑफिसला उशीर होतोय." कपात लघवी दिली, सही केली. बाटली तळाला आलीय.

सोम. २१ मार्च
पॉझिटिव्ह.
काउन्सेलर बाई फाइल मिटून म्हणाली, गुरुवारी जज्जसमोर. तीस दिवस तुरुंग होऊ शकतो. नोकरी मग कसली राहतेय. नोकरी गेली की व्हिसा गेला.
घरी येऊन मंजूनं आईला सगळं सांगितलं. मी बेडरूममध्ये बसून ऐकत होतो. शेवटी आई, "म्हणजे गाडी गॅरेजमध्ये नाहीच."
आणि मग मंजूलाच सुचलं. स्वयंपाकघरातून बाटली आणली, लेबल वाचलं. "आई, यात अल्कोहोल आहे. तो प्यायलाच नाहीये. औषधानं झालंय हे." रडायलाच लागली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाच महिन्यांत पहिल्यांदा. मी काही बोललो नाही. तो हात हवा होता मला.

मंगळ. २२ मार्च
वकील खूश. आई कोर्टात सांगणार, औषध मी दिलं, त्याला कल्पना नव्हती. दुभाषी देणारेत. जेवताना मंजू म्हणाली, "अजून एक पोळी घे ना." आई दोनदा म्हणाली, "माझ्यामुळे झालं रे." एकदा मी "नाही गं" म्हटलं. खरं तेवढंच.
चोराच्या मनात चांदणं. बाटलीकडे कोणी बघितलं तरी दचकतो.

गुरु. २४ मार्च, कोर्टातला बाक
सकाळी आई चहा घेऊन आली. "एकच विचारते. बाटली महिनाभर पुरते. ही आठवड्यात संपली. मी दिलं तेवढंच घेतलंस ना?"
"हो."
चहाचा कप माझ्या हातात दिला. "बरं. शपथेवर सांगायचंय, म्हणून विचारलं."
आता शेजारी बसलीय. रेशमी साडी, वर मंजूचा कोट. दुभाषी असला तरी इंग्लिशमधलं वाक्य पाठ करतेय, "ही डिड नॉट नो." मंजू मधूनमधून दुरुस्त करतेय.
आमच्या आधी अजून दोन नावं आहेत. सांगायचं तर तेवढाच वेळ आहे. आई विचारतेय, एवढं काय लिहितोयस