लांबची फेरी

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उन्हाळ्यातही तिथे ध्रुवाजवळ बोटं गोठतात म्हणतेस, तर हातमोजे घाल. मोठी पक्षीतज्ज्ञ झालीस म्हणून थंडी तुला घाबरत नाही. अंथरुणाला खिळल्यापासून आई फक्त माझ्या हातून जेवते, तेही अर्धी वाटी. मग तोंड फिरवते. मी विनवण्या करत बसते, तोवर अन्न गार होतं आणि माझी भूक मरते. मावशी म्हणते, आठवडाभर मी सांभाळते, तू जरा जाऊन ये. पण मी हलले आणि आईने अन्नच सोडलं तर? फार थकलेय गं. तुझे पक्षी बरे, पिल्लांसाठी उपाशी राहतात आणि कुरकुरत नाहीत.

लोभ आहेच, तो असाच धरून ठेव.
तुझी बारकी

२० जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

उपाशी राहतात हे तुला कोणी सांगितलं? माझा हा मुठीएवढा काळा-पांढरा पक्षी दगडांच्या फटीत एकच पिल्लू वाढवतो. त्याच्यासाठी समुद्रातून तांदळाच्या कणीएवढे, कोळंबीच्या जातीचे जीव गळ्याच्या पिशवीत भरून आणतो. मी इवल्याशा चमच्याने ती पिशवी रिकामी करते, आणि तो मला कडकडून चावतो. त्याच्या जागी मी असते तर मीही चावले असते. जवळच्या चार-पाच फेऱ्या पिल्लासाठी. त्यात स्वतः वाळतो. मग एक लांबची फेरी मारतो, ती स्वतःच्या पोटासाठी. तेवढ्यात जोडीदार पिल्लाला भरवतो. ही फेरी न करणारा एकही शहाणा इथे दिसला नाही. परतीची बोट सप्टेंबरशिवाय नाही, नाहीतर मीच आले असते. मावशीला किल्ली दे आणि जा. तुझी काळजी वाटते.

लोभ वाढव, हट्ट कमी कर.
ताई

८ ऑगस्ट

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सांगतेय, मावशी लिहितेय. तिचं अक्षर मुळातच दिव्य, तेव्हा सांभाळून घे. बारकी एकदाची मैत्रिणीकडे गेली. जाताना दारातून तीनदा परत आली. त्याच रात्री मावशीने भरवलेली वाटी मी चाटूनपुसून संपवली, वर आणखी मागितलं. मावशी चिडलीच. म्हणाली, मग पोरीला इतके दिवस का छळलंस?

अगं, ती स्वतःसाठी वेगळं शिजवायचीच नाही. माझं उरेल तेच तिचं जेवण. विचारलं की म्हणायची, झालं माझं. म्हणून मी अर्ध्यावर तोंड फिरवायचे, निदान तेवढं तरी तिच्या पोटात जाईल. आणि ती वेडी तीच अर्धी वाटी घेऊन मला भरवत बसायची. दोघी अर्धपोटी.

उद्या येतेय ती. आता आधी तिने माझ्यासमोर बसून जेवायचं. मगच मी तोंड उघडणार.

तूही वेळेवर जेव, आणि लोभ असू दे.
तुझी आई