लेन्सऐवजी मिळालेले ठिपके

प्रति,
मा. मुख्य वॉर्डन,
ओल्दोरोको सामुदायिक अभयारण्य,
सांबुरू.

अर्जदार : नासिएकु लेकुर्तुत, पायी गस्त पथक.

विषय : नालेपो या सिंहिणीस गोळी घालण्याचा आदेश थांबवणेबाबत.

संदर्भ : लांब पल्ल्याची झूम लेन्स की फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर, दोहोंपैकी एकच मिळेल, हा खरेदी समितीचा निर्णय.

महोदय,

सादर विनंती की, मी या अभयारण्यात पायी गस्त घालते व सिंहांचे फोटो काढते. मिशांच्या मुळाशी असलेली ठिपक्यांची रांग प्रत्येक सिंहाची वेगळी असते व आपण त्यावरून त्यांना ओळखतो, हे आपणांस मी सांगायला नको. ते ठिपके दिसावेत इतक्या जवळ पायी जाणाऱ्याचे पुढे काय होते, हेही सांगायला नको. म्हणून लेन्स मागितली होती.

समितीने सॉफ्टवेअर घेतले. आपले सहायक श्री. ओम्वेंगा बैठकीत म्हणाले, "लेन्स काय, एकच माणूस वापरणार. हे सगळ्या ऑफिसच्या कामाला येईल. लांबचा सिंह इथं खुर्चीत बसून जवळ आणू." सर्व हसले. मीही हसले, कारण चहा आपण पाजला होता.

गेल्या आठवड्यात माझे चुलते मेशुको यांची गाय सिंहाने काटेरी कुंपणातून ओढून नेली. सकाळी कोरड्या नदीच्या अलीकडून मी पलीकडे बसलेल्या त्या सिंहाचा फोटो काढला. तो अंधुक आला व ओळख पटत नाही, असे मी लिहूनही दिले. श्री. ओम्वेंगा यांनी तो सॉफ्टवेअरमध्ये घातला. सॉफ्टवेअरने मानेभोवतीचा काळपटपणा डाग समजून पुसला आणि गालांवर ठिपके काढले. फोटोत नव्हते ते आले कुठून, असे विचारले असता ते म्हणाले, "बाई, त्याला बरोबर कळतं कुठं काय असायला पाहिजे ते." ते ठिपके नालेपोशी जुळले. तिची पिल्ले अजून अंगावर पितात. सोमवारी बंदूकवाले येणार आहेत.

महोदय, पुसलेला तो डाग म्हणजे अयाळ होती, नुकती फुटू लागलेली. चुलत्यांनी गाय नेणाऱ्याला समोरासमोर पाहिले आहे. ते म्हणतात, "मिसरूड फुटलेला पोरगा आहे तो. नालेपोला मी तिच्या आईपासून ओळखतो. माझ्या वासराकडे तिनं कधी मान वळवून बघितलं नाही." यावर कार्यालयाने कळवले की, गुराख्याचे म्हणणे पुरावा म्हणून धरता येत नाही, फोटो धरता येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. चोर तर मोकळाच आहे. काल पुन्हा कुंपणाभोवती त्याची पावले उमटली होती.

चुलते मला म्हणाले, "गाय माझी गेली. आता तुझ्या त्या फोटोच्या डब्यापायी नालेपोही जाणार. कशाला शिकवलं तुला!" तेव्हापासून त्यांच्या घरी मला दूध मिळत नाही. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

सिंह बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या जीपमध्ये हातभर लांबीची लेन्स असते. एका पाहुणीकडे ती घटकाभर मागितली, तर पाहुण्यांस उपद्रव दिला म्हणून मला लेखी ताकीद मिळाली. याच कार्यालयात इतके तत्पर काम मी प्रथमच पाहिले.

तरी आदेश थांबवावा, ही विनंती. थांबणार नसेल, तर कळवते की, उद्या पहाटे मी नदी ओलांडून त्या तरुण सिंहाकडे जात आहे. माझ्याकडच्या जुन्या लेन्सला ठिपके जिथून दिसतात, तिथपर्यंत जाईन. हत्यार नेत नाही, कारण ते आम्हांस दिलेले नाही. चुलते सोबत येतो म्हणतात. मी नको म्हटले आहे, पण ते ऐकतील असे वाटत नाही. आम्ही दुपारपर्यंत न परतल्यास कॅमेरा आणण्यास कोणास तरी पाठवावे. त्यातल्या फोटोत जे काही आले असेल, ते कृपा करून सुधारू नये.

आपली, अद्याप सेवेत असलेली,
नासिएकु लेकुर्तुत
शुक्रवार, १४ जून

सोबत : मूळ अंधुक फोटो. (सुधारलेला फोटो आपण पाहुण्यांच्या बसण्याच्या खोलीत चौकट करून लावला आहेच.)