नागौरचा वेढा

३ ऑक्टोबर २०२५, डब्लिन, ओहायो

जेवताना भांडण. रीमा पीएचडीला मारवाड घेऊन बसली आहे — जोधपूरचे राठोड राजे. मराठ्यांनी तो मुलूख पिळून काढला, असं ती सहज बोलून गेली. प्रसन्ननं ताट सरकवलं. "आपल्या जयाप्पा शिंद्यांना दग्यानं मारलं, ते लिहिणार का तुझी लेक?" — हे माझ्याकडे बघून. लेक समोरच बसलेली!

"बाबा, दे वेअर स्टार्व्हिंग," म्हणाली आणि गाडी काढून कोलंबसला निघून गेली.

४ ऑक्टोबर

फोन नाही.

७ ऑक्टोबर

मीच फोन केला. म्हटलं, नक्की काय झालं होतं ते सांग. सांगितलं तिनं, शांतपणे. विजयसिंह जोधपूरच्या गादीवर आला. चुलतभाऊ रामसिंहालाही तीच गादी हवी. तो शिंद्यांना घेऊन आला. विजयसिंह हरला आणि नागौरच्या किल्ल्यात शिरला. बाहेर मराठ्यांचा वेढा, महिनोन्महिने. आत धान्य संपत आलेलं. मग तहाचं बोलायला म्हणून किल्ल्यातली माणसं छावणीत आली आणि त्यांनी जयाप्पांना मारलं. १७५५ साल. वेढा तरीही उठला नाही. शेवटी राजानं अजमेर सोडलं, खंडणी कबूल केली.

"सो आई, हू इज द बॅड गाय?"

मी म्हटलं, छावणीतल्या माणसांनी काय लिहिलंय ते बघायला हवं. ती म्हणाली, पत्रांचे स्कॅन मिळालेत, पण मोडीत आहेत. वाचायला कुणी नाही.

मला येते मोडी. पुण्यात एमए करताना शिकले होते. मग लग्न, मग इथे. रीमाला माहीतच नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं, तिनं कधी विचारलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

पहिली ओळ लागायला अख्खी सकाळ गेली. स्वयंपाक नाही, पिझ्झा मागवला. छावणीतला कारकून लिहितो — पाणी लांब, वैरण नाही, घोडी मेली. म्हणजे बाहेरचेही हालातच.

प्रसन्न मागे उभा राहून ऐकत होता. "पुढे?"

पुढचं वाचलं. किल्ल्यातून बायकापोरं बाहेर येऊ बघतात, हुकूम नाही म्हणून आम्ही त्यांना परत आत लोटतो.

त्यानं डिशवॉशर रिकामा केला, न सांगता.

२ नोव्हेंबर

रीमा जेवायला आली. प्रसन्न भाजी वाढताना म्हणाला, "दोन्ही लिही. जयाप्पांचंही."

"ऑफ कोर्स, बाबा."

एवढंच. मग दोघं फुटबॉल बघत बसले. मी लावलेली पत्रं तिनं आपल्या पीएचडीच्या प्रोफेसर बाईंना दाखवली म्हणे.

१९ नोव्हेंबर

प्रोफेसर बाईंचा फोन. जानेवारीपासून रीमाबरोबर पुणे, मग जोधपूर. उन्हाळ्यापर्यंत. मोडी पत्रं वाचायचं पगारी काम. याल का?

प्रसन्नला विचारून सांगते, असं म्हणायला तोंड उघडलं — आणि "येते" म्हणाले.