वरवंट्याखालचं लोणी

बाई, आज सकाळी सायीचं लोणी काढलं आणि तुमची आठवण आली. चांगली नव्हे. तुम्ही हयात असताना तुमच्यासमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही, म्हणून आता लिहितेय. उलटून बोलायला तुम्ही नाही, तेवढीच सोय.

मी कोण, ते तुमच्या लक्षात असेल असं मला वाटत नाही. कर्वेनगरातल्या तुमच्या दोन खोल्यांत दुपारी तीनला केकचा क्लास भरायचा. सतरंजीवर आम्ही नऊ बायका, मांडीवर वह्या. त्यातली दाराजवळ बसणारी, पोळ्या उरकून धापा टाकत येणारी, ती मी. प्रश्न शेवटी विचारायचे असा तुमचा नियम, आणि शेवटी तुम्ही घड्याळाकडे बघायचात. आतून स्टीलचा डबा आणायचात, त्यात पांढरंशुभ्र घट्ट लोणी. "हे घरचं लोणी. पाकिटातलं खारट बटर क्रीमला चालत नाही. लिहा." आम्ही लिहायचो. पिठीसाखर तीनदा चाळायची, लोणी फेसायचं, साखर थोडी थोडी घालायची, इसेन्स चार थेंब. दुधाची पिशवी धुऊन कोपरा कापायचा, त्यात नोझल बसवायचं. तुमच्या हातून गुलाब असे उमलायचे की आम्ही वही विसरून बघत राहायचो. मला तर तुमचे हात धुऊन पाणी प्यावंसं वाटायचं. हसू नका, खरं सांगतेय.

घरी येऊन मी तेच करायची आणि माझं क्रीम फुटायचं. सगळ्यांचंच फुटत होतं, हे पुढे कळलं; तेव्हा नाचक्की नको म्हणून कोणी बोलत नव्हतं. मला मात्र हौसेपुरतं शिकून चालणार नव्हतं. आमच्या यांच्या कारखान्यानं माणसं कमी करायला घेतली होती आणि सक्तीच्या स्वेच्छानिवृत्तीत यांचंही नाव आलं होतं. हे दिवसभर गॅलरीत पेपर धरून बसायचे, पान उलटायचे नाहीत. घर मला उभं करायचं होतं, आणि मला येत काय होतं? पोळ्या आणि तुमचा केक.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, "वहिनी, आमच्या कॉम्प्युटर कंपनीला वर्ष होतंय. घरचा केक कराल का? जमला तर दर महिन्याचे वाढदिवस तुमच्याकडेच." मला आकाश ठेंगणं झालं. तीन दिवस साय साठवली, शेजारणीकडूनही मागून आणली. केक सुरेख फुगला. क्रीमही त्या दिवशी बऱ्यापैकी जमलं, वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. रिक्षात मांडीवर खोका घेऊन गेले. त्यांच्या त्या काचेच्या कचेरीत झाकण उघडलं, तर गुलाब खाली बसलेले, कंपनीचं नाव ओघळलेलं आणि पुठ्ठ्यावर पांढरट पाणी. टाय लावलेली पोरं गोल उभी होती. त्यांतला एक शांतपणे म्हणाला, "चमचे आणू का, वहिनी?" सगळे हसले. मीही हसले. जिना उतरताना रडले.

दुसऱ्या दिवशी उरलेलं क्रीम डब्यात घालून क्लासला आले. नियम मोडून आधीच विचारलं, "बाई, हे पाणी का सोडतं?" तुम्ही बोट बुडवून चाखलंत. मग माझा तळहात तुमच्या हातात घेतलात. किती वेळ धरला होतात! मला वाटलं, माया करताय. आणि तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "उष्णता आहे हो तुमच्या हाताला. क्रीमला गार हात लागतो, तो जन्माचा असतो. तुम्ही पोळ्या छान करता म्हणे? मग त्या करा." आठजणी फिदीफिदी हसल्या. निघताना तुम्ही मला गुलाबाचं एक नोझल कागदात गुंडाळून दिलंत. "मुलीच्या वाढदिवसाला वापरा. घरच्या घरी चालतं."

मी तुमचं ऐकलं. पोळीभाजी केंद्रात लागले. एकोणीस वर्षं, बाई, तव्यासमोर. हिंजवडीला जाणारी पोरं डबा न्यायची आणि मी लाटत असायची. मुलीच्या वाढदिवसाला दुकानातून केक आणला, दर वर्षी. ती म्हणायची, "आई, तू शिकली होतीस ना?" मी म्हणायची, "माझे हात गरम आहेत." त्या कंपनीचे वाढदिवस पुढच्याच महिन्यापासून तुमच्याकडे गेले. वरचे आपणहून सांगून गेले, "तुमच्या बाईंचं क्रीम म्हणजे काय, हलत नाही!" तेव्हाही मला अभिमानच वाटला. इतकी मी मूर्ख.

तुम्ही गेल्यावर भेटायला आले होते. तुमच्या सूनबाई आवराआवर करत होत्या. एक पिवळं पडलेलं मलमलचं फडकं दाखवून म्हणाल्या, "हे आईंचं लोण्याचं. बर्फाच्या पाण्यात लोणी तीनदा धुवायच्या, यात बांधायच्या, चाळणीवर ठेवून वर वरवंटा, आणि तसंच फ्रीजमध्ये. सकाळी खाली वाटीभर ताकाचं पाणी असायचं. तुम्हाला शिकवलंच असेल की!" मी म्हटलं, "हो तर." फडकं मागून घेतलं. घरी येऊन तसंच केलं. क्रीम झालं. ह्याच हातांनी झालं. गुलाब संध्याकाळपर्यंत ताठ उभे होते आणि मी त्यांच्यासमोर बसून तुम्हाला शिव्या घातल्या, तोंडाला येतील त्या.

तुमचंही पोट त्यावर होतं, कळतं मला. ऐन चाळिशीत नवरा गेलेला, पदरात मुलगा. नऊजणींना सगळं सांगितलं असतंत, तर तुमच्याच गल्लीत नऊ दुकानं झाली असती. पण बाई, सांगायचं नव्हतं तर गप्प बसायचं होतंत. माझ्या हातांना नावं का ठेवलीत?

आता केंद्र सोडलंय. दोन वर्षं आमच्या सोसायटीतले केक मीच करते. "घरच्या लोण्याचं क्रीम," लोक कौतुकानं सांगतात. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीची नोकरी या दिवाळीत गेली. कॉम्प्युटरवालीच, लॅपटॉप परत घेतला आणि घरी पाठवलं. ती आता केक करून बघते. परवा डबा घेऊन आली, डोळे सुजलेले. "काकू, हे पाणी का सोडतंय?"

फडकं तेव्हा माझ्या फ्रीजमध्येच होतं, वरवंट्यासकट. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

हे पत्र क्लासच्या वहीत ठेवून देईन, पाठवणार कुठे? पण एवढं तुम्हाला सांगायलाच हवं, दुसऱ्या कोणाला सांगायची लाज वाटते. मी त्या पोरीचा तळहात हातात घेतला. गार होता, बाई, बर्फासारखा. आणि मी म्हटलं, "उष्णता आहे गं तुझ्या हाताला."