फोन कोणी उचलला?

नंदनवन, मंगळवार संध्याकाळ

घरी गेलेल्या हृदयरुग्णांची फोनवर चौकशी केली तरी पुरते, असं अनेक अभ्यास एकत्र तपासलेला आढावा सांगतो. त्यावरून डॉक्टर आम्हा नर्सच्या घरभेटी बंद करणार. उद्या मी होकार द्यायचा. आढावा चुकीचा नाही. पण त्यातले रुग्ण फोन स्वतः उचलतात.

आज खाप्याच्या शेवंताबाईंचा फोन सुनेने उचलला. पायाला सूज आहे का, विचारलं; हृदय थकत चालल्याची ती पहिली खूण.

"नाही ताई, बरं आहे त्याईचं."

मागून शेवंताबाई ओरडल्या, "खोटं काहून सांगून राहिली वं? चप्पल जात नाही पायात!"

सून रडवेली झाली. "दवाखान्यात आणू कशी ताई? हे हिंगण्याले कंपनीत पाळीवर गेले."

तिला दोष कसा देऊ? मी तरी फोन कोणी उचलला, हे आजवर कधी लिहून ठेवलं?

गाडी मागवली आहे. शेवंताबाईंना मीच आणायला निघते. होकार देणार नाही.