अण्णांचं राहिलेलं व्याख्यान

१२ ऑगस्ट १९७७
आज थोरल्या भावाचा, अण्णांचा दहावा. कावळा पिंडाला शिवेना. सगळ्यांनी शब्द देऊन पाहिले – श्यामलावहिनींना सांभाळू, घर मोडणार नाही. कावळे ढिम्म. शेवटी मी पुटपुटलो, "अण्णा, मंडळातलं तुमचं राहिलेलं पल्सारवरचं व्याख्यान मी देतो." लगेच एक उतरला.
आता झालं ना! अण्णा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मी कचेरीतला क्लार्क. चारचौघांत स्वतःचं नावही धड सांगत नाही.

१५ ऑगस्ट
सुट्टी. अण्णांचे कागद वाचले. दोन मेलेले तारे आठ तासांच्या आत एकमेकांभोवती फेरी मारतात. त्यातला एक स्वतःभोवतीही गरगरतो आणि त्याच्या रेडिओलहरींचा झोत दीपगृहासारखा आपल्यावरून जातो – तो पल्सार. इथवर समजलं. पुढे – जोडीदाराच्या वजनानं भोवतालची जागा वाकते, म्हणून पल्सारचा आस वर्षाला अंशाहून थोडा जास्त कलतो.
वहिनींनी विचारलं, "जागा कशी वाकेल, भावजी?"
मी जेवणाच्या पानावरून उठलो.

२१ ऑगस्ट
वहिनी म्हणाल्या, "चपातीवर दाखवा. मला कुठं गणित कळतंय."
चपातीवर आगपेटीच्या काड्या गोलाकार दाबून बसवल्या, सगळ्यांची गुलं खिडकीकडे. चपातीची एक त्रिकोणी फोड कापून कडा जुळवल्या. टोपी झाली. जोडापाशी शेजारच्या दोन काड्यांची तोंडं वेगळीकडे! काडी कुणीच वळवली नव्हती. जागाच तशी झाली होती. पल्सारचा आसही फेरीगणिक असाच कलतो.
मी मोठ्यानं हसलो. काड्या काढून टोपी आमटीबरोबर खाल्ली.

२८ ऑगस्ट
वहिनी म्हणाल्या, "आस कलत गेला तर झोत एक दिवस आपल्याला चुकवून जाईल की."
जाईल.
"म्हणजे तारा विझला?"
नाही. फिरत राहील. फक्त आपल्याला दिसणार नाही.
"परत येईल?"
गणित म्हणतं येईल. पुऱ्या गिरकीला तीनशे वर्षं.
"तोवर चहा घ्या," म्हणाल्या.

२ सप्टेंबर
कचेरीत साहेबांना पल्सार समजावला. त्यांनी मला रजा घ्यायला सांगितलं.

१० सप्टेंबर
मंडळात व्याख्यान झालं. 'वर्षाच्या आत बाहेर कशाला,' म्हणणाऱ्यांना न जुमानता वहिनी आल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या. चपातीला टाळ्या पडल्या. विठ्ठलराव वकील आपल्या कानडी हेलात मला म्हणाले, "अल्री वेंकटेशराव, ह्यानं आमच्या नळाला पाणी येतं काय?" मी म्हणालो, "नळाचं सांगता येत नाही. झोत मात्र तीनशे वर्षांनी नक्की येतो." सभा हसली. हे मी बोललो!
मग कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, "आस कलताना कुणी पाहिलाय?" मी अण्णांचे कागद उलटसुलट करू लागलो.
मागून वहिनी उठल्या. "अजून नाही. झोत आपल्यावरून जाताना यंत्राच्या कागदावर जो ठोका उमटतो, त्याचा आकार बदलत जातो का, ते बघत राहायचं. वर्षं लागतील."

११ सप्टेंबर
आज वहिनींनी सांगितलं – लग्नापासून अण्णा प्रत्येक व्याख्यान आधी त्यांना ऐकवत. हेही त्यांना पाठ होतं.
"मग तुम्हीच का नाही दिलंत?"
"हे गेल्यापासून तुम्ही घरात तोंड उघडलं नव्हतं, भावजी. मी बोलायचं कुणाशी?"